यंत्रातल्या सशाची किंकाळी

ससा जन्मभर जवळजवळ गप्प असतो. त्याचा मोठा आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा शेवटी, कुणाच्या तरी जबड्यात किंवा पंजात सापडल्यावर. ती किंकाळी तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या इतकी जवळ जाते, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकून उभा राहतो. अमेरिकेत टेक्सासपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत हिवाळ्याच्या रात्री शेतांच्या आणि कुरणांच्या कडेला ही किंकाळी घुमते, पण तिथे ससा नसतो. गवतात ठेवलेला एक छोटा लाऊडस्पीकर असतो. त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर, वाऱ्याचा अंदाज घेऊन, झाडाला पाठ टेकून बसलेला शिकारी रिमोटचं बटण दाबतो आणि वाट पाहतो. लांडग्याच्या जातकुळीतली कायोटी, लाल खोकड, करडा खोकड, बॉबकॅट, रॅकून, म्हणजे ज्यांच्या अंगावरच्या दाट फरला बाजार आहे अशी जनावरं, त्या आवाजाच्या रोखाने येतात आणि गोळीच्या टप्प्यात सापडतात.

असं यंत्र घेऊ पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न खिशाचा असतो. आयकोटेक, प्रायमॉस अशा कंपन्यांची साधी यंत्रं शे-दोनशे डॉलरांत मिळतात. पेनसिल्व्हेनियातल्या लुइसटाउनची फॉक्सप्रो कंपनी स्वस्त-महाग दोन्ही बनवते. तिची वरच्या दर्जाची यंत्रं पाचशे डॉलरांच्या पुढे जातात. स्वस्त यंत्रात काही गोष्टींवर पाणी सोडावं लागतं. आवाज मोठा केला की फाटतो, रिमोट लांबून चालत नाही, आवाजांचा साठा ठरावीक असतो आणि त्यात स्वतःचे आवाज भरण्याची सोय बहुधा नसते. कडाक्याच्या थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात, आणि फर चांगली असते ती नेमकी थंडीतच. तरीही झाडीत रॅकून किंवा खोकडाची शिकार करणाऱ्याला मोठ्या आवाजाची फारशी गरज नसते. कॅन्ससच्या उघड्या माळावर वारा सुटलेला असताना मात्र हलकं यंत्र कुचकामी ठरतं. अनुभवी शिकारी हेही सांगतात की यंत्रात शंभर आवाज असले तरी हाताशी लागतात ते चार-पाचच.

इथपर्यंत हा व्यवहार कुठल्याही अवजाराच्या खरेदीसारखा आहे. यंत्राच्या पडद्यावरची आवाजांची यादी वाचायला घेतली की मात्र तो तसा राहत नाही. घायाळ ससा, उंदराची चिवचिव, सुतारपक्ष्याचा आक्रोश, हरणाच्या पाडसाचा टाहो, दोन रॅकूनांचं भांडण, नराला बोलावणारी कायोटीची मादी, आणि कायोटीच्या पिलाचं कळवळून ओरडणं. बटणं सगळी सारखीच असतात. पण सशाच्या किंकाळीला धावून येणारं जनावर भुकेने येतं आणि पिलाच्या ओरडण्याला धावून येणारं जनावर मदतीला येतं. खोट्या हाकेने जीव घेणं पाप आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर ते या दोन बटणांमधल्या अंतरात शोधावं लागेल.

फसवणूक ही शिकारीइतकीच जुनी आहे, यात शंका नाही. गवतात दबून बसणं, वाऱ्याच्या उलट्या अंगाने जाणं, मारून पडलेल्या भक्ष्याजवळ मचाण बांधणं, फासे लावणं, या सगळ्यात सावजापासून काहीतरी लपवलेलंच असतं. किष्किंधाकांडात मरणाच्या दारात पडलेला वाली रामाला विचारतो, की आडून बाण मारणं कुठल्या धर्मात बसतं? रामाच्या उत्तरात एक मुद्दा शिकारीचा आहे. माणसं जाळी लावून, फास टाकून, लपून छपून जनावरं धरतातच, धर्म जाणणारे राजर्षीही मृगया करतात, आणि तू तर वानर. या उत्तराने आजवर अनेकांचं समाधान झालेलं नाही. वालीचा प्रश्न रामायणाच्या वाचकांना शतकानुशतकं टोचत आला आहे. तरी त्या उत्तरातून एवढं कळतं, की शिकारीतल्या कपटाला परंपरेने सरसकट अधर्म ठरवलेलं नव्हतं.

महाभारताने याच्या पुढचं पाऊल टाकलं. पांडूने जोडी करत असलेल्या मृगाला बाण मारला, आणि तो मृग निघाला किंदम ऋषी. पांडू वाद घालतो: राजे शत्रूला मारतात तसे मृगालाही मारतात, उघड मारतात किंवा कपटाने मारतात, अगस्त्यांनीही मृगया केली होती. किंदमाचं उत्तर आजही थक्क करतं. तू मृग मारलास म्हणून मी दोष देत नाही, असं तो म्हणतो. दोष आहे तो कोणत्या क्षणी मारलंस याचा. मीलनाचा क्षण सरेपर्यंत तुला थांबता आलं असतं. इथे हत्येच्या प्रश्नापासून वेगळा असा एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जिवंत प्राण्याच्या आयुष्यात काही प्रसंग असे असतात, की तेव्हा त्याच्यावर घाव घालणं हा मारण्याहून निराळा अपराध होतो. मादीच्या सादेची फीत लावून नराला टप्प्यात आणणाऱ्याला किंदमाचं म्हणणं थेट लागू पडतं. फरक असलाच तर एवढा, की पांडूला तो क्षण अवचित गवसला आणि यंत्रवाला तो घडवून आणतो.

आणि मग मारीच. रामाच्या बाणाने कोसळताना तो रामाच्याच आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारतो. ही हाक रामाला मुळीच फसवत नाही, ती घरी बसलेल्या दोघांसाठी असते. लक्ष्मण शांतपणे सांगतो, की हे राक्षसाचं कपट आहे, रामाला असं काही होणार नाही. पण सीतेचा जीव राहत नाही. ती लक्ष्मणाला नको ते बोलते, त्याला जाणं भाग पडतं, आणि पर्णकुटी उघडी पडते. रावणाने वापरलेली ही युक्ती सीतेच्या लोभावर किंवा भीतीवर आधारलेली नव्हती. कांचनमृगाचा मोह त्याआधी येऊन गेला होता. शेवटचा दरवाजा उघडला तो संकटात सापडलेल्या आपल्या माणसाकडे धाव घेण्याच्या ओढीने. हजारो वर्षं ही कथा सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या लोकांना त्या हाकेचा जो संताप वाटत आला आहे, त्याचं कारण हेच आहे. पोटाची भूक फसली तर माणूस हळहळतो. माया फसवली गेली तर त्याला घोर अन्याय झाल्यासारखं वाटतं.

कायोटीच्या शिकारीत या मायेचा उपयोग किती पद्धतशीर केला जातो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कायोटीचं कुटुंब नर-मादी मिळून पिलं वाढवतं. नर बिळाकडे भक्ष्य आणतो आणि संकट आलं तर दोघंही अंगावर जातात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पिलं लहान असताना, पिलाच्या ओरडण्याची फीत लावली की जनावर एरवीची सावधगिरी विसरतं. नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून, वास घेत घेत येणारी कायोटी या आवाजाला सरळ धावत येते. हिवाळ्यातही हाच आवाज शेवटचा डाव म्हणून राखून ठेवला जातो. जोडीतल्या एकाला गोळी लागली की शिकारी त्याच क्षणी पिलाच्या किंवा मार बसलेल्या कायोटीच्या केकाटण्याची फीत लावतो. पळत सुटलेला जोडीदार थबकतो, मागे वळून पाहतो, कधी परतही येतो. तेवढा वेळ दुसऱ्या गोळीला पुरतो.

रामायणाच्या सुरुवातीलाच जोडीतला एक पक्षी मारणारा व्याध भेटतो. क्रौंचाच्या जोडीतला नर पडला, मादीने आक्रोश केला आणि तो ऐकून वाल्मीकींचं मन हेलावलं. त्या कथेत आक्रोशाने ऐकणाऱ्याला करुणा शिकवली. वर सांगितलेल्या युक्तीत आक्रोश हे दुसरा जीव थांबवण्याचं साधन होतं. हा फरक भावनेपुरता आहे असं म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण इथे प्रश्न जनावराइतकाच माणसाच्या कानांचाही आहे. ज्या आवाजाने कुणीही जागचं उठावं, तो आवाज स्वतः चालू करून शिकारी बंदुकीला गाल लावून स्थिर बसतो. असं स्थिर बसणं त्याला शिकावं लागतं, सवयीचं करावं लागतं.

यंत्राचा यात दोष काय? या प्रश्नाचं सर्वांत धारदार रूप पालीतल्या जातककथांमध्ये सापडतं. तित्तिर जातकात एका पारध्याने तितर पकडून शिकवलेला आहे. त्याने साद घातली की जातभाई गोळा होतात आणि जाळ्यात सापडतात. तितराला वाटू लागतं, की माझ्यामुळे माझे नातलग मरताहेत, हे पाप माझ्या माथी येणार. म्हणून तो गप्प राहतो. पारधी बांबूच्या काठीने त्याच्या डोक्यात मारतो. तितर वेदनेने ओरडतो आणि त्या ओरडण्यालाही जातभाई येतात. म्हणजे बोलावलं तरी मरण, विव्हळलं तरी मरण. एकदा पारधी पिंजरा एका तपस्व्याच्या आश्रमाशी ठेवून झोपी जातो, तेव्हा तितर त्या तपस्व्याला, म्हणजे बोधिसत्त्वाला, विचारतो: माझी गती काय? तपस्वी त्यालाच विचारतो, की तुझ्या मनात त्यांना मारण्याची इच्छा आहे का? नाही ना, मग पाप तुला चिकटत नाही. कथेच्या शेवटी सांगितलं आहे, की तो तितर म्हणजे पुढच्या जन्मीचा राहुल, बुद्धाचा मुलगा.

कर्माचं मूळ हेतूत पाहणाऱ्या बौद्ध विचाराला साजेसंच हे उत्तर आहे. पण ते फक्त तितराला सोडवतं. काठी मारणाऱ्याबद्दल ते गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यात पुरेसं सांगितलेलं आहे. आज यंत्र तितराच्या जागी आहे. त्याला मन नाही, हेतू नाही, म्हणून पापही नाही. मग सगळा हेतू रिमोट धरणाऱ्या हातात येऊन साठतो. पूर्वी बोलका पक्षी बाळगणाऱ्या पारध्याला निदान त्या पक्ष्याला दाणापाणी द्यावं लागे, त्याचं ओरडणं कानाशी ऐकावं लागे. यंत्राच्या जाहिरातीत अभिमानाने सांगितलं जातं, की हे आवाज खऱ्या, जिवंत जनावरांचे आहेत. म्हणजे कधीतरी, कुठेतरी एक खरा ससा खरोखर ओरडला होता. त्याचं ते ओरडणं आता बॅटरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवता येतं.

ही सोय एकदम आलेली नाही. तोंडाने वाजवायची लाकडी किंवा प्लास्टिकची शिट्टी आधीपासून होती आणि आजही ती यंत्राच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. १९६० च्या दशकात टेक्सासमधल्या वेकोच्या जॉनी स्टुअर्टने जनावरांच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रिका विकायला आणल्या. तबकडीनंतर कॅसेट आली आणि कॅसेटनंतर हाताच्या पंजात मावणारी चिप. शिट्टी वाजवणाऱ्याला सशाचा श्वास, त्याचं तुटक तुटक कमी होत जाणं शिकावं लागतं. त्यात चुका होतात, जनावर ओळखतं आणि निघून जातं. शिवाय आवाज शिकाऱ्याच्या तोंडातून येतो, त्यामुळे जनावराचे डोळे त्याच्यावरच खिळतात. यंत्राने हे दोन्ही अडसर काढले. आवाज अचूक झाला आणि जनावराचं लक्ष भलतीकडे गेलं. काही यंत्रांवर तर मोटरला जोडलेलं फरचं शेपूट फडफडत असतं, म्हणजे जवळ आलेल्या जनावराच्या डोळ्यांचीही तजवीज होते.

महाराष्ट्रात ही विद्या फासेपारध्यांकडे पिढ्यानपिढ्या होती. तितर-लाव्यांचे आवाज काढणं, पाळलेल्या तितराला पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितरांना बोलावणं, भोवती बारीक फासे मांडणं, हे सगळं त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यान्वये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारध्यांचंही नाव आलं. १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला, पण समाजाच्या मनातून अजून निघालेला नाही. याच फासेपारध्यांबद्दल अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे, की फाशात गाभण काळविटी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून देण्याचा त्यांचा रिवाज होता. उद्यासाठी जनावर राखण्याचा व्यवहार त्यात होता, हे खरं. पण उपाशी घरातल्या माणसाने हातात आलेलं सावज रिवाजाखातर सोडावं, याला नीती म्हणायचं नाही तर कशाला? गरज असूनही त्यांनी एक रेषा पाळली. तीच रेषा फुरसतीच्या शिकारीत पुसट होत गेली, ही गोष्ट मनाला लागते.

अमेरिकेतल्या शिकारी परंपरेने रेषा आखल्याच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व शिकाऱ्यांत रुजवलं. आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी, स्वतः शिकारी आणि तिथल्या पर्यावरणविचाराचा मोठा माणूस. १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने उपकरणांच्या सुळसुळाटाने शिकारीचा आत्मा हरवतो, अशी खंत मांडली. शिकाऱ्याला दाद देणारे किंवा दोष देणारे प्रेक्षक नसतात, त्याच्या वागण्यावर नजर असते ती फक्त त्याच्या सदसद्विवेकाची, हे त्याचं निरीक्षण रात्रीच्या शिकारीला तर शब्दशः लागू आहे. स्पेनचा तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली शिकारीवर चिंतन लिहिलं. माणूस स्वतःहून आपलं वरचढपण आवरतो, म्हणूनच शिकार ही शिकार राहते आणि कत्तल होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

कायद्यातही हा विचार उतरला आहे, पण अर्धवट. अमेरिकेच्या संघीय नियमांप्रमाणे बदकं आणि इतर स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित किंवा विजेवर वाढवलेले आवाज वापरायला, काही अपवाद वगळता, बंदी आहे. कायोटीच्या बाबतीत बहुतेक राज्यांत तोच आवाज, तेच यंत्र चालतं. बदकाला मिळणारा न्याय कायोटीला का नाही? यामागे संख्येचा हिशेब आहे, आणि कायोटी म्हणजे उपद्रवी जनावर ही जुनी समजूतही आहे. शंभराहून अधिक वर्षं तिला विष, सापळे आणि बंदुकांनी मारलं गेलं, सरकारी यंत्रणा आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते, आणि तरी ती आज उत्तर अमेरिकेत पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशात पसरली आहे.

मेंढपाळाची बाजू इथे ऐकायलाच हवी. कोकरं जन्मतात तो काळ आणि कायोटीला बिळातल्या पिलांसाठी जास्त भक्ष्य लागतं तो काळ, दोन्ही एकाच वेळी येतात. पिलं वाढवणाऱ्या जोड्याच कोकरांवर अधिक पडतात, हे संशोधनातही दिसलं आहे. ज्याची जनावरं सकाळी फाडलेली सापडतात, त्याला शहरात बसून दयेचे धडे देणं सोपं असतं. अशा माणसाला नेमकी ती उपद्रवी जोडी मारायची असेल तर पिलाची हाक हा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो.

गरज नसताना शिकार करण्याचा प्रश्न अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांडाऊ यांच्यापुढे आला होता. जंगलांसह मोठी जमीन बाळगणाऱ्या एका श्रीमंत यहुद्याने विचारलं, की मी बंदूक घेऊन शिकार केली तर चालेल का? लांडाऊंनी कायद्याचा कीस काढला आणि निव्वळ नियमाच्या दृष्टीने यात बंदी सापडत नाही असं मान्य केलं. पण पुढे ते म्हणाले, की धर्मग्रंथात शिकारी म्हणून नावं येतात ती निम्रोद आणि एसाव यांची, आमच्या पूर्वजांपैकी कुणाची नाहीत. नुसत्या मजेसाठी जीव घेण्याची इच्छा माणसाला होतेच कशी? पोटासाठी शिकार करणाऱ्याला त्यांनी वेगळं काढलं. नियमात बसतं आणि तरी करू नये, असं सांगण्याचं धैर्य त्या उत्तरात आहे.

गरजेची कसोटी लावली की जिम कॉर्बेटची गोष्टही नीट समजते. १९३८ च्या ३० नोव्हेंबरला, कुमाऊंमधल्या ठाक गावाजवळ, दिवस मावळता मावळता त्याने नर वाघाची साद तोंडाने काढली आणि जोडीदार शोधणाऱ्या नरभक्षक वाघिणीला समोर आणून मारलं. ही मायेचीच फसवणूक होती. पण त्या वाघिणीच्या धास्तीने ठाक गाव ओस पडलं होतं. उघड्यावर, संधिप्रकाशात, कॉर्बेटचा स्वतःचा जीवही पणाला लागला होता. याच माणसाने मोहानचा नरभक्षक झोपेत असताना मारला, तेव्हा झोपलेल्या जनावरावर गोळी झाडल्याची बोच त्याने लपवली नाही. माणसं वाचवताना केलेल्या कृत्याबद्दलही ज्याला बोच लागते, त्याचं मन शाबूत आहे.

फरचा व्यापार या कसोटीवर टिकत नाही. कायोटीच्या फरला गेल्या काही दशकांत मागणी होती ती मुख्यतः थंडीच्या कोटांच्या टोप्यांना झालर लावण्यासाठी. असे कोट बनवणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ साली जाहीर केलं, की २०२२ अखेरपर्यंत आपण फर वापरणं थांबवू. झालरीशिवायही कोट विकले जातात. शिवाय पिलं लहान असतात त्या दिवसांत कायोटीची हिवाळी फर झडलेली असते आणि तिला किंमत येत नाही. त्या दिवसांत पिलाच्या हाकेने मारलेल्या आईबापांच्या कातड्याचा उपयोग नाही आणि बिळातली पिलं उपासमारीने मरतात. मेंढपाळाला गरजेची ढाल आहे. हौशी शिकाऱ्याकडे तीही नाही.

शिकाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. आवाजाने जनावर जवळ येतं, थांबतं, नीट ओळखू येतं आणि एका गोळीत संपतं. लांबून, पळत्या जनावरावर झाडलेली गोळी त्याला जखमी करून झाडीत मरायला सोडते. रात्रीच्या वेळी तर ओळख पटणं फारच महत्त्वाचं. दशरथाने रात्री शरयूच्या काठी घागर भरल्याचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडला. पुढे काय झालं, हे महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून जनावराला जवळ बोलावण्यात दयाही असू शकते. पण हा युक्तिवाद सशाच्या किंकाळीलाही तितकाच लागू होतो. भुकेच्या हाकेने काम भागत असताना मायेची हाक लावण्याला त्यातून आधार मिळत नाही.

आपल्याकडच्या परंपरेत हाक ऐकणारा कान हाच धर्माचा आरंभ मानलेला दिसतो. लग्नाच्या मिरवणुकीत निघालेल्या जैन तीर्थंकर नेमिनाथांनी मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आकांत पाहिला, सारथ्याला कारण विचारलं आणि रथ मागे फिरवला. वधू राजीमती मांडवात वाट पाहत राहिली, नेमिनाथ गिरनारला गेले. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात पारध्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली येऊन दडतो. पारधी त्याला मागतात, तेव्हा स्वामी तो शरण आला आहे असं सांगून त्याला राखतात. त्या सशाने किंकाळी फोडलेलीही नव्हती. त्याचं येऊन दडणं पुरेसं होतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणंही येतं. तरी हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आज सह्याद्रीत पक्षी पाहायला जाणाऱ्या अनेकांच्या खिशात तेच यंत्र आहे: मोबाईल, त्यात पक्ष्यांचे आवाज आणि छोटा स्पीकर. नवरंग समोर यावा, घुबडाने उजेडात तोंड दाखवावं, म्हणून विणीच्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याचा किंवा मादीचा आवाज वाजवला जातो. पक्षी खाणंपिणं सोडून, अंडी-पिलं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. इथे गोळी नाही, फोटो आहे, हा फरक मोठा आहे. पण फसवली जाते ती तीच ओढ. याच साधनाचा चांगला उपयोगही झालेला आहे. १८८४ नंतर हरवलेला मानला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि त्यानंतर तो आणखी कुठे टिकून आहे हे शोधताना त्याची ध्वनिमुद्रित साद अभ्यासकांच्या कामी आली. साद एकदा वाजवायची, उत्तर नोंदवायचं आणि निघायचं, ही त्या कामाची शिस्त. फोटोसाठी तासभर तीच फीत लावून बसणाऱ्याकडे ती शिस्त नसते.

एवढं सगळं पाहिल्यावर निवाडा देणं फार अवघड नाही. कायद्याने परवानगी असलेल्या देशात ज्याला शिकार करायचीच आहे, त्याने आधी शिट्टी शिकावी. यंत्र घ्यायचंच असेल तर साधं घ्यावं. सशाचा आणि उंदराचा आवाज असला की पुरे. कळपाचं प्रत्यक्ष नुकसान होत नसेल तर पिलाची हाक, मादीची साद आणि घायाळ जोडीदाराचं केकाटणं, ही तीन बटणं दाबूच नयेत. ज्या यंत्रात आवाज काढता-घालता येतात, त्यातून हे तीन आवाज काढून टाकावेत. आणि महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांना कळकळीची विनंती आहे, की विणीच्या महिन्यांत रानात शिरण्यापूर्वी मोबाईलमधल्या फिती बंद करा. बरोबरच्या नवख्या मंडळींनी आवाज वाजवायला मोबाईल काढला, तर त्यांनाही तिथल्या तिथे थांबवा.